पाकिटातला बेल्ट

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी गाडी सुरू केली तेव्हा बॉनेटखालून डुकराच्या पिलाची शेपटी दारात सापडल्यासारखा आवाज आला. दुकानापर्यंत चालू होता, मग थांबला. परतताना पुन्हा. उना शेजारी बसली होती. तिला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पण चाळीस वर्षं गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसल्यामुळे ऐकू सगळं येतं.

"बेल्ट गेलाय," ती म्हणाली.

"गेला नाही. ओरडतोय."

"जायच्या आधी ओरडतातच."

"सगळे नाही ओरडत," मी म्हटलं. "तुझा भाऊ ओरडला नव्हता."

उना ही माझी नणंद. नजर अधू झाल्यावर दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे राहायला आली. जीभ शाबूत घेऊन आली.

प्रश्न सत्तावीस तारखेचा आहे. ॲडलेडचे डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकच दिवस पोर्ट लिंकनला येतात आणि उनाच्या डोळ्यात इंजेक्शन देतात. गेल्या हिवाळ्यात मला ताप होता म्हणून एक वारी चुकली. तेवढ्यात डोळे तपासायच्या तक्त्यावरच्या दोन ओळी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. आता उजव्या डोळ्याला तीनच ओळी उरल्यात. लिंकन एकशे तीस किलोमीटर, बस मंगळवारी आणि शुक्रवारी, डॉक्टर गुरुवारी. म्हणजे गाडी.

डग ट्रेझाइसला फोन केला. गावातला एकमेव मेकॅनिक, माझा जुना विद्यार्थी, गणितात कच्चा. मागे यंत्रांची घरघर इतकी की ओरडूनच बोलत होता.

"बाई, कापणी चालू आहे. माझ्या दारात तीन कापणी यंत्रं मरून पडलीत. डिसेंबरात आणा."

"मला सत्तावीसला लिंकनला जायचंय."

"मग सिरिलकाकांच्या शेडमध्ये बघा. त्यांच्याकडे नक्की एखादा असेल. बसवायला अवघड नाही. खालचा बोल्ट ढिला, वरचा ढिला, अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डबा, इंजिनाकडे ढकलायचा, बेल्ट सुटतो. नवा घालून उलट करायचं. आणि जुना फेकू नका हां. नव्याच्या पाकिटात घालून गाडीतच ठेवायचा, अडीनडीला घरापर्यंत तरी आणतो. आपल्याकडे सगळे तसंच करतात."

सल्ला बरा वाटला. लिहून ठेवला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शेडमध्ये गेले. तीन वर्षांत जाणं झालं नव्हतं, वेळच मिळाला नाही. किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. ती जिथे असायची तिथेच होती.

बेल्ट लगेच सापडला. खिळ्याला अडकवलेलं कागदी पाकीट, वर आमच्याच गाडीचं नाव छापलेलं. सिरिल, माझा नवरा, नीटनेटका माणूस होता. पाकिटावर त्यानं पेन्सिलीनं लिहिलंय: ३ ऑक्टोबर, आणि खाली १,८७,२४०. म्हणजे जाण्याआधी सहा दिवस. त्याची शेवटची खरेदी बेल्टची होती, हे मला माहीत नव्हतं. खालचा आकडा दुकानाचा माल क्रमांक असावा.

त्या आठवड्यात तो रोज दुपारी शेडमध्ये जाऊन बसायचा. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. मी त्याला त्यावरून बरंच बोलले होते.

बेल्ट थोडा कडक झालाय, वर धूळ आहे. पत्र्याच्या शेडमध्ये तीन उन्हाळे काढल्यावर कुणीही कडक होईल. ओल्या फडक्यानं पुसून ठेवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

खालचा बोल्ट. दोन तास. तेरा नंबरचा पाना लावला, बोल्ट हलेना. गंजावरचं तेल टाकलं, चहा प्याले, पुन्हा लावला, हलेना. पान्याच्या दांड्यावर उभी राहिले. एकाहत्तराव्या वर्षी पदवीधर बाईनं गाडीच्या तोंडात पाय घालून उभं राहणं शोभत नाही, पण रस्त्यावर धान्याच्या ट्रकांशिवाय कुणी नव्हतं. ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. मी पाहिलं नाही.

उना दारातून म्हणाली, "उलट्या बाजूला फिरवत नाहीयेस ना?"

फिरवत होते. तिला सांगितलं नाही. दहा मिनिटं थांबून सुलट फिरवला, म्हणजे तिला संबंध लागू नये. सुटला, आणि माझी बोटं रेडिएटरवर आपटली. दोन पेरांची सालं गेली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

झालं. जुना निघाला, पाकिटातला बसला, वरचा बोल्ट आवळला. एकटीनं केलं. गाडी सुरू केली, थोडी कुरकुरली, मग गप्प. नवा आहे, रुळायला वेळ लागेल.

काढलेल्या बेल्टचं काय करायचं? डग म्हणतो ठेवा. मला ही कोंबून ठेवायची सवय पटत नाही. याच सवयीमुळे इथल्या प्रत्येक शेडमध्ये चार पिढ्यांचा कचरा आहे. शिवाय दोन बेल्ट जवळ असले की घोटाळा व्हायचाच. कात्रीनं त्याचे बारा तुकडे केले आणि टोमॅटोची रोपं काठ्यांना बांधली. रबर छान धरतं, देठाला काचत नाही. तसा बरा होता बेल्ट, आतून फक्त गुळगुळीत झाला होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

चर्चला जाताना पहिल्या वळणावरच किंकाळी. पूर्वीच्या दुप्पट. चर्चच्या फाटकाशी बॅटरीचा लाल दिवा लागला. आत प्रार्थना सुरू झाली होती, सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. उना मोठ्यानं म्हणाली, "आम्हीच आहोत, बसा." मला जमिनीत जावंसं वाटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल आवळला. आज सकाळी पुन्हा आवळला. जास्त आवळला तर घूं करतो, कमी आवळला तर किंचाळतो, मधोमध ठेवला तर दोन्ही करतो. मी सदतीस वर्षं मुलांना शिकवलं की चुकीचं उत्तर आलं तर पायरी पायरीनं मागे जा. चार वेळा मागे गेले. प्रत्येक पायरी बरोबर आहे. उत्तर चुकीचं आहे.

डगला फोन केला. त्याची बायको म्हणाली, तो कुणाच्या तरी शेतात यंत्राखाली झोपलाय. म्हणजे दुरुस्ती करतोय, असं मी धरलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बेल्ट पुन्हा काढला. आता पंधरा मिनिटांत निघतो, हीच काय ती प्रगती. स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून हात धुवायला गेले. उना तिथे वाटाणे सोलत बसली होती. परत आले तर वाटाणे बाजूला, आणि बेल्ट तिच्या मांडीवर. माळ ओढावी तसा बोटांतून पुढे सरकवत होती.

"हा कुठला?"

"नवा. त्यानंच तर जीव खाल्लाय."

"हा नवा नाही, विन."

"पाकिटातून काढलाय मी."

"पाकिटातून काढला असशील. पण आतल्या बाजूला भेगा आहेत. ही एक, ही दुसरी, इथे तर तुकडाच नाही. हात दे."

मी हात दिला नाही. म्हटलं, उना, तुला दिसत नाही. ती म्हणाली, म्हणून तर सापडलं. म्हटलं, पाकिटावर सिरिलच्या अक्षरात तारीख आहे, त्यानं तेव्हा विकत घेतला. ती म्हणाली, वाच काय लिहिलंय. वाचलं.

"एक लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे चाळीस," ती म्हणाली. "गाडीचं मीटर आता कितीवर आहे?"

"दोन लाख तीन हजारांच्या पुढे."

"मग बाई, न बसवलेल्या बेल्टवर कुणी गाडीचे किलोमीटर कशाला लिहील?"

मी बाहेर गेले आणि गाडीत बसून मीटर पाहिलं, जसं काही ते बदललं असेल. आत आले. डगनं जे करायला सांगितलं होतं तेच सिरिलनं केलं होतं. नवा गाडीला, जुना नव्याच्या पाकिटात. आपल्याकडे सगळे तसंच करतात. अकरा तारखेच्या पानावर ते माझ्याच अक्षरात आहे.

"म्हणजे तू काढलास तो त्यानं बसवलेला," उना म्हणाली. "तो कुठाय? तोच परत घाल. किंचाळत का होईना, लिंकनला नेईल."

मी सांगितलं कुठाय.

तिनं वाटाणे पुन्हा पुढे ओढले. मी चहा केला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आठवड्यावर आलं. लिंकनच्या सुट्या भागांच्या दुकानात फोन केला. बेल्ट आहे. रिकाम्या परतणाऱ्या धान्याच्या ट्रकबरोबर आमच्या सायलोवर, म्हणजे गावच्या धान्यकोठारावर, पाठवतील, वजनकाट्याच्या खोलीत ठेवतील. उद्या मिळेल.

सकाळी टोमॅटोकडे गेले होते. बाराही तुकडे जागेवर. काढून काय करणार होते, मला माहीत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बेल्ट आला आणि गेला. ट्रकवाला काट्याच्या खोलीत द्यायला विसरला. गहू भरून पुन्हा लिंकनला गेला, बेल्ट त्याच्या केबिनमध्ये. सायलोवरचा पोऱ्या हसत होता. मी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

उना म्हणते, कुणाला तरी सांग, घेऊन जातील आपल्याला.

"कापणीत?" मी म्हटलं. "कापणीत कुणाकडे काही मागायचं नसतं. तू इथेच जन्मलीस ना?"

"मी इथेच जन्मले म्हणून सांगते. मागितलं की माणसं शिव्या घालतात आणि येतात."

"मी मागत नाही."

"माहितीये. सिरिलनं पण मला तेच सांगितलं होतं. म्हणाला, ती मागायची नाही, म्हणून सगळं आधीच करून ठेवायला हवं."

हे त्यानं तिला केव्हा सांगितलं, विचारायचं राहून गेलं. भांडी पडली होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तिसरी खेप. या वेळी ट्रकवाला दुसराच, आणि त्याला बेल्टचं माहीतच नाही. हिशेब केला: माझा बेल्ट चार दिवसांत सातशे ऐंशी किलोमीटर फिरला. मी एकही नाही.

भेगा पडलेला बसवून ठेवलाय. गावात फिरण्यापुरता. हाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. वाटेत तुटला तर इंजिन तापेल आणि आम्ही दोघी भर उन्हात मधल्या पट्ट्यात उभ्या, जिथे फोन लागत नाही. पण नाही गेलो तर डिसेंबर उजाडेल, आणि तोवर तिच्या तीन ओळींतल्या किती राहतील ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. ठरवलंय की गुरुवारी पहाटे यावरच निघायचं, थंडाव्यात, साठच्या वेगानं. उनाला सांगितलं नाही.

दुपारी कपडे वाळत घालून आत आले तर उना फोनवर होती. मला पाहून ठेवला. म्हणाली, चुकीचा नंबर. सात मिनिटं चुकीच्या नंबरशी बोलत होती. एकटेपणानं माणसाचं असं होतं. तिच्याशी जरा जास्त बोलायला हवं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी नऊला रेडिओवर कापणीबंदी जाहीर झाली. बेचाळीस डिग्री आणि उत्तरेचा वारा. यंत्राच्या एका ठिणगीनं जिल्हा पेटायचा, म्हणून अशा दिवशी सगळी यंत्रं उभ्या पिकात थांबतात आणि गावातले पुरुष घरी येऊन बायकांच्या पायात घोटाळतात.

साडेदहाला डग आला. हातात पाकीट. माझा बेल्ट. काल ट्रक अडवून त्यानं केबिनमध्ये स्वतः शोधला म्हणे.

"तुला कसं कळलं?"

"उनामावशींनी..." तो म्हणाला, तेवढ्यात उनाला जोराचा खोकला आला. आज धूळ फार आहे. तिला पाणी दिलं.

"व्हा बाजूला, बाई. सात मिनिटांचं काम आहे."

"तुझं सात मिनिटांचं. पाना इकडे दे. मला करता यायला हवं."

त्यानं वाद घातला नाही. हाताची घडी घालून गाडीशेजारी उभा राहिला. वाऱ्यानं माझी टोपी दोनदा उडाली, दोन्ही वेळा त्यानंच आणून दिली, पण पान्याला हात लावला नाही.

"आवळलात? आता मधोमध अंगठ्यानं दाबा."

"ठीक आहे."

"ठीक नाही. एक बोट दबायला हवा, दीड दबतोय. पुन्हा."

पुन्हा केलं.

"आता अर्धाच दबतोय. पुन्हा."

"डग, तुला मजा येतेय."

"नववीत तुम्ही मला फळ्यासमोर वीस मिनिटं उभं केलं होतंत, बाई."

"पंचवीस. तुझं अधिक-उणे चुकत होतं."

"अजून चुकतं. गाड्या समजून घेतात. पुन्हा करा."

चौथ्या वेळी त्यानं स्वतः दाबून पाहिलं आणि मान हलवली. गाडी सुरू केली. काही ऐकू आलं नाही. दिवे लावले, पंखा लावला, तरी नाही. मग त्यानं काढलेला बेल्ट उलटा करून भेगा पाहिल्या आणि शिट्टी वाजवली.

"यावर लिंकनला जाणार होतात?"

"नाही," मी म्हटलं.

"हो," उना म्हणाली. तिला कुणी सांगितलं, कोण जाणे.

"आणि काकांनी बसवलेला कुठाय? तो वर्षभर तरी चालला असता."

"टोमॅटोला," उना म्हणाली.

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. वाफ्याकडे गेला, वाकून एक गाठ पाहिली. "चांगली बांधलीय," म्हणाला. मी त्याला दोन पेस्टी, भाजक्या करंज्यांसारख्या, बांधून दिल्या, उरलेल्या मटणाच्या. फाटकातून तो ओरडला, "या वेळी जुना फेकू नका, बाई."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे पाचला निघालो, आठच्या आत पोचलो. वाटेत उना काचेला कान लावल्यासारखी बसली होती. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "आता बेल्टचा आवाज नाही, म्हणजे तुझं ऐकावं लागणार." मग मी तिला काहीबाही सांगत राहिले. बहुतेक शाळेचं. सिरिलचं थोडं.

तक्त्यासमोर तिला बसवलं. पहिली ओळ तिनं झटकन वाचली, दुसरी सावकाश. तिसरीवर थांबली. मी मागच्या खुर्चीवर होते आणि मला ती ओळ दिसत होती. सदतीस वर्षं वर्गात कुणाला उत्तर सुचवलं नाही. आज तोंडाशी आलं होतं.

वाचली. एक अक्षर चुकलं, बाकी सगळी. डॉक्टर म्हणाले, गेल्या महिन्याइतकीच आहे, आणि या आजारात तेवढंच म्हणजे पुष्कळ. इंजेक्शन दिलं.

परतताना ती झोपली, डोळ्यावर पट्टी, तोंड उघडं. मी शंभरनं चालवली. इंजिन तापल्याचं दाखवणारा काटा हलला नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

भेगा पडलेला बेल्ट पुन्हा सिरिलच्या पाकिटात घातला. तो घरापर्यंतसुद्धा आणेल असं वाटत नाही, तरी सीटखाली ठेवणार आहे. त्याच्या ओळींखाली माझी तारीख लिहिली आणि आजचं मीटर: २,०३,९१५. सवयीनं वजाबाकीही केली. सोळा हजार सहाशे पंचाहत्तर.

कालची लिंकनची वारी सोडली तर एवढी मी सिरिलनं बसवलेल्या बेल्टवर फिरले. एकदाही थांबावं लागलं नाही.

मग त्याच पेन्सिलीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: जुना. सिरिलनं हा एक शब्द लिहिला असता तर पंधरा दिवस वाचले असते. पण त्यानं आकडा लिहिला. गणिताच्या बाईला आकड्यावरून कळेल, असं त्याला वाटलं असणार.

संध्याकाळी टोमॅटोला पाणी घातलं. परवाच्या वाऱ्यानं एक गाठ सैल झाली होती. सोडली, ओढून पुन्हा बांधली आणि अंगठ्यानं दाबून पाहिली. जास्त दबत होती. पुन्हा बांधली.